दोघी आहेत ना!

शेफाली मंडल आमच्या घरी पहिल्यांदा आली तेव्हा तिने सुट्टीचं विचारलं नाही की जेवणाखाणाचं विचारलं नाही. चपला दाराबाहेर भिंतीला लावून ठेवल्या, हात धुतले, आईच्या पलंगाजवळ उभं राहून तिच्याकडे दोन मिनिटं नुसतं बघितलं आणि मग माझ्याकडे वळून बंगालीत म्हणाली, "दीदी, तुमच्या भाषेत शिव्या कुठल्या कुठल्या आहेत?"

मला वाटलं, मी काहीतरी चुकीचं ऐकलं.

"शिव्या," ती पुन्हा म्हणाली. "बाकीचे शब्द शिकेन हळूहळू. पण मासीमा रागावल्यात की त्यांना दुखतंय, एवढं मला आजच कळायला हवं."

मासीमा म्हणजे मावशी, ती आईलाच तसं म्हणत होती. आई मूळची सांगलीची. बाबांच्या केंद्र सरकारच्या नोकरीमुळे लग्न होऊन कलकत्त्याला आली ती इथलीच झाली. दादाचा आणि माझा जन्मही इथला. पन्नास वर्षं ती बाजारात बंगालीत घासाघीस करायची, शेजारणींशी बंगालीत भांडायची आणि बंगालीतच समेट करायची. मग एका सकाळी मेंदूत रक्ताची गुठळी झाली. उजवं अंग गेलं आणि त्याबरोबर बंगाली, हिंदी, इंग्रजी सगळं पुसलं गेलं. उरली फक्त मराठी, तीही लहानपणची, सांगलीच्या गल्लीतली. कलकत्त्यात घरोघरी आजाऱ्यांच्या सेवेला बायका पाठवणाऱ्या एजन्सीला 'आया सेंटर' म्हणतात. आमच्या सेंटरने पाठवलेल्या तीन बायका दोन महिन्यांत सोडून गेल्या. म्हातारी काय बोलते ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यात खोटं काहीच नव्हतं. शेफाली चौथी.

मी शिव्या सांगितल्या. मेली, शिंची, भवानी, सटवी, आणि आईची खास ठेवणीतली, 'मुडदा बशिवला तुझा'. शेफालीने त्या एका वहीत बंगाली लिपीत लिहून घेतल्या, प्रत्येकीच्या पुढे ती किती जोरात द्यायची असते तेही लिहिलं. आठवडाभरात मी कॉलेजातून शिकवून घरी आले की ती दारातच मला बातमी द्यायची, तिच्या नव्या कोऱ्या मराठीत: "ब्रिंदाताई, आज तीन शिंची, एक मुडदा. तब्येत चांगला आहे."

माझं नाव वृंदा. तिच्या तोंडात 'व' बसत नसे. मराठीतली लिंगं तर तिने पहिल्याच दिवशी सोडून दिली होती. बंगालीत ती भानगडच नाही, त्यामुळे तिच्या मराठीत आई आला, भात आली, औषध संपली. पण आईला ते सगळं कळायचं. एका दुपारी मी तास घेत असताना तिचा फोन आला. "आई सकाळपासून शिवी दिला नाही. डॉक्टरदादाला बोलाव." मी दादाला कळवलं तेव्हा तो फोनवर हसला होता, पण संध्याकाळी आला. आईच्या छातीत कफ भरायला लागला होता. आणखी एक दिवस गेला असता तर ती तेव्हाच गेली असती.

शेफालीचा एक नियम होता आणि त्या नियमापुढे ती कुणाचीही भीड ठेवत नसे. पेशंट ओला राहता कामा नये. एकदा आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षीणबाई आईला भेटायला आल्या होत्या. गणपतीच्या वर्गणीपासून सूनबाईंच्या नोकरीपर्यंत त्यांचं सगळं सांगून व्हायचं होतं. शेफालीने आईच्या चेहऱ्याकडे एकदा बघितलं आणि बाईंना म्हणाली, "बाहेर जा. साफ करायचं आहे." अध्यक्षीणबाई पर्स घेऊन उठल्या त्या पुन्हा कधी आमच्या घरी आल्या नाहीत. मी नंतर शेफालीला म्हटलं, पाच मिनिटांनी सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? तेव्हा ती बंगालीत बोलली. गंभीर काही बोलायचं असलं की ती बंगालीत बोलायची.

"माणसाचं सगळं जातं, दीदी. हात जातो, पाय जातो, बोलणं जातं. ओलं पडून राहायची लाज तेवढी जात नाही. ती शेवटपर्यंत असते. मी वीस वर्षं बघतेय."

ती दिवसाची आया. रात्रीची मिनती. मिनती लहानखुरी, कमी बोलणारी, सतत पान चघळणारी. सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला दोघींची अर्धा तास गाठ पडायची आणि त्या अर्ध्या तासात आईला उचलायचं काम चालायचं. आई अंगाने भरलेली, अर्धं अंग लुळं. एकीने काखेत हात घालायचे, दुसरीने गुडघ्यांखाली, आणि दोघींनी मराठीत "एक, दोन, तीन" म्हणायचं. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, न्हाणीघरातून परत पलंगावर. दिवसातून दोनदा. चार वर्षं.

दोघी केष्टोपूरला राहायच्या, आमच्या सॉल्ट लेकचा कॅनॉल ओलांडला की लगेच. तिघींनी मिळून एक खोली घेतली होती. तिसरी झुमा, त्याच सेंटरमधली, तिघींत धाकटी आणि तोंडाने तिखट. शेफालीला नवरा नव्हता, मिनतीला असून नसल्यासारखा होता, झुमाने मुलीचं लग्न करून दिलं होतं. एका शेगडीवर स्वयंपाक, एका दोरीवर तिघींच्या साड्या. शेफाली म्हणायची, "तिघी एकदम घरी कधीच नसतो आम्ही. म्हणून तर भांडण होत नाही."

आईच्या आजारपणाच्या दुसऱ्या वर्षी शेफालीने मला एका यंत्राबद्दल सांगितलं. न्यू टाउनच्या एका घरात तिने पाहिलं होतं. कापडाची झोळी पेशंटच्या खाली सरकवायची, आकड्यांना अडकवायची, दांडा दाबत राहायचा. पेशंट आपोआप वर येतो. एकट्या बाईलाही जमतं.

"मिनतीची कंबर धरते," ती म्हणाली. "ती सांगणार नाही. म्हणून मी सांगते."

दादा, म्हणजे माझा भाऊ श्रीकांत, हाडांचा डॉक्टर आहे. न्यू टाउनच्या एका नर्सिंग होममध्ये दर आठवड्याला माणसांचे मणके दुरुस्त करतो. त्या रविवारी तो जेवायला आला तेव्हा मी यंत्राचा विषय काढला. वरणभात कालवता कालवता तो म्हणाला, "कशाला घरात अडगळ? दोघी आहेत ना!"

हे वाक्य मी विसरू शकत नाही. दादावर सगळं ढकलून मोकळं व्हावं असं खूपदा वाटतं, पण ते मला शक्य नाही, कारण मीही त्यावर मान हलवली होती. खरंच, दोघी आहेत ना. शेफाली तेव्हा आत आईला भरवत होती. पुढे मिनती कमरेला रुंद पट्टा बांधून यायला लागली. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "किछु ना." काही नाही. मी तिला बाम दिला. मणक्यांच्या डॉक्टरच्या बहिणीने, त्याच्याच आईला रोज उचलणाऱ्या बाईला, बामाची बाटली दिली आणि आपण किती चांगले, असं वाटून घेतलं.

आई गेली त्या दिवशी शेफालीने कुणालाही आत येऊ दिलं नाही. मिनती आणि तिने मिळून आईला अंघोळ घातली, केस विंचरले, सांगलीहून आलेलं तिचं जुनं इरकल नेसवलं. बाहेर आल्यावर शेफालीने हात पुसले आणि म्हणाली, "एकदम कोरडा आहे. आता न्या." मंडळाच्या बायका तोंडावर पदर धरून बघत राहिल्या. मला त्या क्षणी ती आमच्या सगळ्या नातेवाइकांपेक्षा जवळची वाटली. वाटणं सोपं असतं.

दोन वर्षांनी ती आली तेव्हा माझ्या मुलीचा साखरपुडा चार दिवसांवर होता. दिवाणखानाभर साड्या पसरल्या होत्या. शेफाली वाळली होती. ती बसली नाही. मराठीतच म्हणाली, "ब्रिंदाताई, मिनतीची कंबर गेला. दोन महिने उठला नाही."

आमच्याकडचं काम संपल्यावर मिनती आमच्याच भागात दत्तबाबू नावाच्या एका एकट्या म्हाताऱ्या गृहस्थांकडे रात्रीची जात होती. एका पहाटे त्यांना उचलताना तिच्या कमरेत काहीतरी सटकलं आणि डावा पाय बधिर झाला. सेंटरच्या मालकाने दुसऱ्या दिवशी तिचं नाव यादीतून काढलं. उचलता येत नाही ती आया काय कामाची? सरकारी रुग्णालयात फोटो काढले, ऑपरेशन लागेल म्हणाले आणि तारीख दिली दीड वर्षानंतरची. तिला बघायला घरी राहिली म्हणून शेफालीचंही नाव कटलं.

"डॉक्टरदादांनी एकदा बघावं," शेफाली आता बंगालीत म्हणाली. "फक्त बघावं. ते दोन शब्द बोलले तर तारीख लवकर मिळेल."

मी लगेच दादाला फोन लावला. हातात साडी होती म्हणून फोन टेबलावर ठेवला आणि स्पीकर चालू केला. दादाने ऐकून घेतलं आणि तो मराठीत म्हणाला, "वृंदा, एकीला बघितलं की उद्या कलकत्त्यातल्या सगळ्या आया माझ्या दारात उभ्या राहतील. तारीख मिळालीय ना तिला? मग? आणि या बायकांचं निम्मं दुखणं कामचुकारपणाचं असतं. तू साखरपुड्याचं बघ."

दादाला वाटलं, मी एकटी आहे. आणि मी, जिने त्या बाईला मराठी शिकवली होती, मी विसरले होते की तिला मराठी कळते.

मी घाईघाईने म्हटलं, "शेफाली, आईची चाकांची खुर्ची माळ्यावर पडून आहे. ती घेऊन जा. मिनतीला उपयोगी पडेल."

तिने नेली. खुर्ची ढकलत कॅनॉलवरच्या पुलावरून ती एकटी चालत गेली असेल. मिनती पहिल्या मजल्यावर राहते, जिना हातभर रुंदीचा आहे, हे मला माहीत होतं.

पुढचे सहा-सात महिने त्यांचे कसे गेले ते मला नंतर झुमाच्या वकिलाकडून कळलं. झुमा एकटी कमवत होती. मग सेंटरचीच कामं कमी झाली. सेक्टर फाइव्हमधल्या कुठल्याशा कंपनीने मोबाइलवरून मागवता येतील अशा, सर्टिफिकेटवाल्या, निळा कोट घालणाऱ्या तरुण मुली पाठवायला सुरुवात केली. झुमा तिसरीपर्यंत शिकलेली. तिचंही काम गेलं. घरमालकाने खोली सोडायला सांगितली. मिनतीला आता लघवी कधी होते ते कळेनासं झालं होतं. वेल्लोरला नेलं तर लगेच ऑपरेशन होईल, असं कुणीतरी सांगितलं. इथले लोक सगळीकडून हरले की वेल्लोरची गाडी पकडतात. त्यासाठी पैसा हवा होता आणि तो तिघींकडे नव्हता. भीक मागायला शेफाली जिथे जिथे गेली त्या घरांमध्ये माझं घर पहिलं होतं.

मग त्यांनी दत्तबाबूंना लुटलं.

भर दुपारी. दत्तबाबूंची नवी निळ्या कोटाची मुलगी दोन ते चार बाहेर जाते, हे मिनतीला माहीत होतं. त्यांच्या गेलेल्या पत्नीचे दागिने लोखंडी कपाटात आहेत, हेही. म्हातारा दाराला आतून कडी लावतो आणि ओळखीचा आवाज आल्याशिवाय उघडत नाही. म्हणून मिनतीला जावं लागलं. तिघींनी सेंटरच्या गणवेशाच्या जुन्या, किनारीच्या साड्या नेसल्या. फाटकावरच्या दरवानाने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. आयांकडे कोण बघतं? दोघींनी तिसरीला दोन मजले वर नेली. मिनतीने बाहेरून हाक मारली, "दादू, मी मिनती," आणि म्हातारा काठी टेकत येऊन आनंदाने दार उघडता झाला.

शेफालीने त्याला खुर्चीत बसवलं आणि बांधलं. मनगटांखाली टॉवेलाची घडी घालून, कातडी सोलली जाऊ नये म्हणून. झुमा किल्ल्या शोधत राहिली. मिनती त्याच्यासमोर स्टुलावर बसून राहिली. किल्ल्या सापडेनात. म्हातारा सांगेना. मग तो म्हणाला, मला बाथरूमला जायचंय. झुमा म्हणाली, नाही, तिथल्या खिडकीतून ओरडेल. तेव्हा शेफाली, माझ्या आईसाठी अध्यक्षीणबाईंना खोलीबाहेर काढणारी शेफाली, म्हणाली, "थांबा दादू, पाच मिनिटं." पाच मिनिटं संपली नाहीत. तासाभराने किल्ल्या तांदळाच्या डब्यात सापडल्या तोवर म्हातारा खुर्चीत ओला झाला होता आणि रडत होता.

त्या बाहेर पडल्या. पहिल्या मजल्याच्या वळणावर मिनतीची कंबर धरली. ती जिन्यातच आडवी झाली, पुढेही हलेना, मागेही हलेना. झुमाच्या पिशवीत दागिने होते. दोघींना पळून जाता आलं असतं. रस्ता वीस पावलांवर होता. मिनती स्वतः सांगत होती, जा. दोघींनी पिशवी पायरीवर ठेवली आणि तिच्या काखेत आणि गुडघ्यांखाली हात घातले. खालच्या मजल्यावरचे लोक किंकाळी ऐकून बाहेर आले. भली माणसं. कुणी पाणी आणलं, कुणी खुर्ची आणली. एक बाई म्हणाली, दत्तबाबूंकडची आया दिसते, त्यांना सांगून येते, आणि ती वर गेली.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पेपरातलं कात्रण आलं. 'आया टोळी जेरबंद.' खाली सल्ले. आयांचे आधारकार्ड तपासा. दागिने लॉकरमध्ये ठेवा. यांच्यावर विश्वास ठेवून उपयोग नाही. अध्यक्षीणबाईंनी लिहिलं, 'मला तर तेव्हाच संशय आला होता.' दादाचा फोन आला. "तुझी शेफाली. बघ. घरात घेतली होतीस." तुझी! चार वर्षं त्याच्या आईचं हगणं-मुतणं काढलं ती माझी शेफाली. मी ग्रुपवर काही लिहिलं नाही. दादालाही काही बोलले नाही.

पण तिचाही मला राग आला होता. तो इथे लपवला तर हे लिहिण्यात अर्थ नाही. एका थकलेल्या, एकट्या माणसाला तिने बांधलं. त्याच्या जागी माझी आई असती तर? मी शेफालीला सोडलं असतं? हा राग घेऊनच मी कोर्टात गेले, दत्तबाबूंची साक्ष होती त्या दिवशी. त्यांना चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. सरकारी वकील दागिन्यांबद्दल विचारत होते, ते मात्र एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते. "दागिने मिळाले. ते जाऊ दे. मी विनवलं होतं. मी त्या पोरींना विनवलं होतं." आणि त्यांनी शेफालीकडे बोट दाखवलं. "हिने ऐकलं नाही." त्यांनी तिला माफ केलं नाही. का करावं?

शेफालीच्या वकिलाने तिला गप्प राहायला सांगितलं होतं. ती पिंजऱ्यात उभी राहून मोठ्याने म्हणाली, "ते खरं आहे, हुजूर. बाकीच्या कलमांचं वकीलबाबू बघतील. पण ते मी केलं. ते माझं पाप आहे." न्यायाधीशांनी तिला मध्ये बोलू नको म्हणून समज दिली.

मी तुरुंगात भेटायला गेले तेव्हा अटकेला आठ महिने झाले होते. आठ महिने मला वेळ नव्हता. जाळीपलीकडे ती आली. मी मराठीत सुरुवात केली. "शेफाली, माझं चुकलं. यंत्राचं चुकलं. फोनचं चुकलं. मला माफ कर."

ती माझ्याशी बंगालीत बोलली. मराठीचा एक शब्द तिने त्या दिवशी उच्चारला नाही.

"माफी कशाला मागता, दीदी? तुम्हाला झोप येत नाही म्हणून? मला पण येत नाही. आमच्या बराकीत पंखा नाही." मग जाळीला तोंड लावून म्हणाली, "मी खूप माणसं उचलली. तुम्हाला नाही उचलणार."

मी उठायला लागले तेव्हा तिने थांबवलं. "एक काम आहे. मिनतीला जामीन मिळालाय, आजारपणामुळे. तीन आठवडे झाले. जामीन राहायला कोणी नाही म्हणून ती इथेच पडून आहे. तिला न्या. मला जामीन देणार नाहीत, मी बांधलं म्हणून. झुमाचा भाऊ झुमाचं बघतोय. मिनतीचं कोणी नाही." तिने 'कराल का' असं विचारलं नाही. आईच्या खोलीत काम सांगायची त्याच आवाजात सांगितलं.

मी मिनतीला घरी आणलं. आईच्या खोलीत ठेवलं. दादा आला, खोलीच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "वृंदा, तुझं डोकं फिरलंय. गुन्हेगार बाई आहे ती." मी म्हटलं, "तिच्या मणक्याच्या फिल्म्स आत टेबलावर आहेत. बघ." तो म्हणाला, आता तर पोलिस केस आहे, आता मी हातसुद्धा लावणार नाही. मग आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या भावावर ओरडले. काय काय बोलले ते आठवत नाही. शेवटी मी त्याला सांगितलं, "तू डॉक्टर होतास. तुला माहीत होतं रोज माणूस उचलून मणक्याचं काय होतं. मला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं." तो गेला. आमचं बोलणं तेव्हापासून बंद आहे आणि ते सुरू करायची मला घाई नाही.

मिनतीबद्दल कुणी हळवं होऊ नये. ती माझे आभार मानत नसे. मला तिची कूस बदलता येत नव्हती, चादर ओढताना सुरकुती राहायची, मी तिला दुखवायचे. पहिल्या आठवड्यात ती मला म्हणाली, "मासीमाला तुम्ही असं धरलं असतं तर त्या पहिल्याच महिन्यात गेल्या असत्या." मी शिकले. पन्नाशी ओलांडल्यावर, माझ्याच घरात चार वर्षं चाललेलं काम शिकले. चौथ्या दिवशी माझी पाठ आखडली. मिनती पलंगावरून बघत होती.

आणि मग तारीख आली. सरकारी रुग्णालयाची, दीड वर्षापूर्वी दिलेली तीच तारीख. मी रुग्णवाहिका करून तिला नेलं. सकाळी आत घेतलं आणि दुपारच्या जेवणाआधी ऑपरेशन उरकलंही. फुकट. तरुण सर्जन बाहेर आला, चेहऱ्यावरचा मास्क खाली ओढला आणि म्हणाला, "एवढे दिवस का थांबलात? वेळेवर आणली असती तर ही स्वतःच्या पायांनी धावली असती. आता डावा पाय पूर्ण येणार नाही." त्याच्यावर ओरडण्यात अर्थ नव्हता. तारखा तो देत नाही. एका सकाळचं काम. तेवढ्यासाठी एका म्हाताऱ्याची लाज गेली, तीन बायका तुरुंगात गेल्या, त्यांतली एक लंगडी झाली. आणि ग्रुपवर अजूनही कुणी नवी आया ठेवली की तेच कात्रण पुन्हा फिरतं.

खटल्याचा निकाल लागलेला नाही. एकदा न्यायाधीश रजेवर, एकदा वकिलांचा संप, एकदा साक्षीदार आजारी. शेफाली आत आहे. मी तिला वकील बदलून दिला, ते तिने नाकारलं नाही. माझं पत्र मात्र परत आलं.

मिनती वॉकर धरून चालायला लागली तसं तिने एकच मागितलं. शेफालीला भेटायचंय. मी तिला गाडीने तुरुंगापर्यंत नेलं. खिडकीवरच्या हवालदाराने यादी पाहिली आणि आमच्या दोघींकडे बघितलं. शेफालीने भेटीसाठी एकच नाव दिलं होतं. मिनती वॉकर टेकत, डावा पाय ओढत, त्या लांब व्हरांड्यातून एकटी आत गेली. वळणावर थोडी थांबली, श्वास घेतला आणि पुन्हा निघाली.

मी बाहेरच्या बाकावर बसून राहिले. मला आत कुणी बोलावलं नव्हतं.